परदेशातली ग्रुप राइड : स्थानिक क्लबात शिरावं का आणि कसं?

घाटवळण (उट्रेख्त, नेदरलँड्स)

इथे रोजची सायकल आणि रविवारची सायकल ही दोन वेगळी जगं आहेत. रोजच्या सायकलवर वेगळं लिहायला नको. देशाची लोकसंख्या 1 कोटी 80 लाखांच्या आसपास आणि सायकली 2 कोटींहून जास्त, त्यामुळे नवा माणूस महिन्याभरात टांग मारतोच. रविवारची सायकल म्हणजे क्लबांची. सकाळी साडेआठ-नऊला ठरलेल्या चौकात दहा-बारा जण जमतात, घड्याळाच्या ठोक्याला निघतात, 70-80 किलोमीटर मारून जेवायच्या आत घरी पोचतात. आपली बरीच मंडळी हे घोळके शेजारून जाताना बघतात आणि 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून सोडून देतात. मला ते मनापासून खटकतं, म्हणून हा धागा.

माझं मत स्पष्ट आहे. परदेशात राहायला आलात आणि सायकल आवडत असेल, तर पहिल्याच वर्षी स्थानिक क्लबाच्या सगळ्यात हळू ग्रुपमध्ये सामील व्हा. भाषा येईपर्यंत थांबू नका, चांगली सायकल घेईपर्यंत थांबू नका.

कारण वारा. सातारा-पुण्याकडच्या माणसाला सायकल म्हटलं की चढ आठवतो. कात्रज, खंबाटकी, सिंहगड. इथे चढ नाहीतच. युरोपातल्या नेदरलँड्सचं सर्वांत उंच ठिकाण म्हणजे दक्षिणेच्या टोकाचा फाल्सरबेर्ख, उंची 322 मीटर. आपलं पुणे शहर याहून उंचावर आहे. पण लेलिस्टाड ते एन्कहाउझन या बंधाऱ्यावर (लांबी साधारण 26 किलोमीटर) समोरून वारा लागला की घाट परवडला असं वाटतं. घाटाला माथा असतो, वाऱ्याला नसतो. झेलंडमधल्या ऑस्टरस्केल्डे बंधाऱ्यावर तर उलट्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा भरते. वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापावर वारा किमान 7 असेल तरच ती जाहीर होते, आणि सगळ्यांना साधी, बिनगिअरची, सरळ बसायची सायकल देतात. अंतर साडेआठ किलोमीटर.

असल्या वाऱ्यात एकटा माणूस लवकर संपतो. पुढच्याच्या चाकामागे राहिलात तर ताकद बरीच वाचते, घोळका घट्ट असेल तर तिसरा हिस्साही वाचतो. म्हणून पुढे राहायची पाळी लावतात. दोघं पुढे, काही मिनिटं वारा खातात, मग बाजूला सरकून मागे जातात आणि पुढची जोडी येते. वारा तिरका असेल तर रस्त्याच्या रुंदीत तिरपी रांग लागते. या रांगेत तुमचा पासपोर्ट कुणी बघत नाही. तुम्ही पुढे येऊन तुमच्या वाट्याचा वारा खाल्लात, वेग न वाढवता खाल्लात, की तुम्ही ग्रुपचे. नवीन लोक पुढे आल्यावर जोशात वेग वाढवतात आणि मागची रांग तुटते. वेग तोच ठेवा, जोर वाढवू नका. दमलात तर पाळी लहान घ्या, पण घ्या.

ऑफिसात लोक तुमच्यासाठी इंग्रजीत बोलतात आणि सभ्यपणे अंतर ठेवतात. सायकलवर शेजारी जोडीदार येतो तो अर्धा तास शेजारीच असतो. दोघांचीही नजर समोर, त्यामुळे बोलणं सोपं होतं. मुलांची शाळा, डाव्या गुडघ्याचं दुखणं, घराचं कर्ज, सगळं निघतं. माझे इथले खरे मित्र लेक नदीच्या बंधाऱ्यावर झाले, मीटिंग रूममध्ये नाही.

आता कामाच्या गोष्टी.

आरोळ्या आधी पाठ करा. समोरून कुणी येत असेल तर 'टेखन'. पुढे हळू जाणारा कुणी असेल तर 'फोर'. रस्त्याच्या मधोमध खुंट असेल तर 'पाल्ट्ये'. पंक्चर झालं तर 'लेक'. पुढचा ओरडला की तुम्ही तेच ओरडायचं, म्हणजे शेवटच्यापर्यंत पोचतं. यात पाल्ट्ये सर्वांत महत्त्वाचं. गाड्या सायकलमार्गावर येऊ नयेत म्हणून तो खुंट ठोकलेला असतो, आणि घोळक्यात मागच्याला तो अजिबात दिसत नाही.

निळ्या गोलात पांढरी सायकल असेल तर तो सायकलमार्ग वापरणं बंधनकारक, तुमची सायकल कितीही महागाची असो. दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला कायद्याने परवानगी आहे, तिघांनी नाही. चालवताना फोन हातात धरायला 1 जुलै 2019 पासून बंदी आहे. घंटी हवीच. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि 2001 पासून हा हक्क सायकलवाल्यालाही आहे. पण रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतील आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असतील, तर थांबायचं तुम्ही. चौकातल्या गोल वर्तुळावर हे विशेष बघा. गावात बहुतेक ठिकाणी सायकल आधी जाते, गावाबाहेर अनेकदा गाडी. सवयीने घुसू नका, त्रिकोण बघा.

विम्याबद्दल गंभीरपणे सांगतो. घोळक्यात तुमचं चाक दुसऱ्याच्या चाकाला लागून चार जण पडले तर चार सायकली आणि एखादा मोडलेला खुबा असा हिशेब होतो. इथे आरोग्य विमा सक्तीचा आहे, पण दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा वेगळा घ्यावा लागतो. तो स्वस्त असतो. तो नसेल तर ग्रुपमध्ये जाऊ नका. सायकल-पर्यटनाच्या राष्ट्रीय संघटनेचं, म्हणजे एनटीएफयूचं सदस्यत्व घेतलं तर त्यातही विम्याचं संरक्षण मिळतं.

इतर देशांतल्या मंडळींनी तिथल्या रीती लिहाव्यात.

पाऊसवेडी (आइंडहोवन)

मस्त धागा. वाचनखूण साठवली. माझी अडचण वेगाची आहे. क्लबांच्या पानांवर 28, 30, 32 असे आकडे दिसतात, मी एकटी 22-23 ने जाते. आणि बायका किती असतात?

घाटवळण

पाऊसवेडीताई, एकटीने 22-23 जात असाल तर ग्रुपमध्ये 25 सहज जमेल, मागे राहिल्याचा फायदा तेवढा असतोच. बहुतेक क्लबांत वेगानुसार तीन-चार गट असतात आणि शेवटचा 24-26 चा. पत्र टाकून विचारा की कुणी मागे राहिलं तर थांबता का. स्पष्ट 'हो' आलं तर जा. दोन-तीन वेळा पाहुणा म्हणून येऊ देतात, लगेच सदस्यत्व मागत नाहीत. अनेक क्लबांत फक्त बायकांचेही गट आहेत. आधी तिथे जाऊन मग मिश्र ग्रुपमध्ये गेलेल्या आणि उलट केलेल्या, दोन्ही प्रकारच्या मैत्रिणी मला माहीत आहेत.

आणि ज्यांना सायकल येतच नाही त्यांनीही लाजू नका. मोठ्या वयात इथे आलेल्या बायकांसाठी बऱ्याच गावांत स्वयंसेवक सायकल शिकवतात. मोकळ्या मैदानात सुरुवात, मग गल्ली, मग सिग्नल. नगरपालिकेत किंवा वस्तीच्या केंद्रात विचारलं की पत्ता मिळतो.

कोकणकडा (म्युनिक)

जर्मनीचा एक नियम फार थोड्यांना माहीत असतो. 15 पेक्षा जास्त सायकलस्वार एकत्र असले तर कायद्याने त्यांचा एक जत्था मानला जातो, जणू एकच लांब वाहन. मग दोन-दोनच्या रांगेत मुख्य रस्त्यावरून जाता येतं, सायकलमार्गाची सक्ती राहत नाही, आणि पहिला हिरव्या सिग्नलवर निघाला की मध्येच लाल झाला तरी शेवटच्यापर्यंत सगळे सलग जातात. अट एकच : जत्था घट्ट आणि ओळखू येण्याजोगा हवा. मध्ये मोठं अंतर पडलं तर हा हक्क गेला. शिवाय 2020 पासून मोटारीने सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर आणि बाहेर दोन मीटर अंतर सोडायचं हे कायद्यात लिहिलेलं आहे.

नवख्यांसाठी इथे एडीएफसी ही सायकलस्वारांची संघटना 1979 पासून आहे. त्यांच्या सहली सदस्य नसलेल्यांनाही खुल्या असतात आणि त्यात अवघडपणाची पातळी आधीच लिहिलेली असते. मी तिथूनच सुरुवात केली. सहलीचा प्रमुख आरंभी पाच मिनिटं नियम सांगतो आणि सर्वांत मागे एक अनुभवी माणूस ठेवतो. त्या शेवटच्या माणसामुळे मला धीर आला, भाषा तेव्हा जेमतेम येत होती.

हिशेबनीस (ऑल्मेरे)

थोडं वेगळं मत मांडतो. आम्ही इथे मराठी-कानडी अशा पंधराएक कुटुंबांचा ग्रुप चालवतो. महिन्यातून एक रविवार, 30-40 किलोमीटर, मुलंसकट. स्थानिक क्लबात शिरा हे एकट्या, तरुण, निरोगी माणसाला सांगणं सोपं आहे. ज्याच्या घरी दोन लहान मुलं आहेत आणि बायकोची नोकरीही आहे त्याने रविवारची अख्खी सकाळ क्लबाला द्यायची म्हणजे बायकोने ती घरात द्यायची. आमच्या ग्रुपमध्ये नवराबायको दोघं येतात. आजी-आजोबा आले असतील तर तेही येतात. गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरहून आलेले एक काका पन्नास वर्षांनी सायकलवर बसले, आणि संध्याकाळी आग्रह करून पुन्हा चालवायला गेले. हे कुठल्या क्लबात होणार?

रस्ता शोधायची चिंताही इथे नाही. सायकलमार्गांच्या प्रत्येक चौकाला क्रमांक दिलेला असतो. मी आदल्या रात्री सात-आठ आकडे कागदावर लिहितो, तो प्रत्येकाच्या हँडलला चिकटवतो. 34, 35, 12, 78 अशा पाट्या बघत जायचं, कुणी मागे पडलं तरी हरवत नाही. ही पद्धत मूळची बेल्जियमच्या लिम्बुर्गची. ह्यूगो बोलन या खाण-अभियंत्याने ती सुचवली आणि 1995 मध्ये तिथे ती सुरू झाली. खाणीच्या बोगद्यांत जशा चौकांना खुणा असतात, तशा त्याने सायकलमार्गांना दिल्या.

तिखटमीठ (अँटवर्प)

हिशेबनीस, +1. लिम्बुर्गचा उल्लेख वाचून आनंद झाला.

खाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. शाकाहारी असाल तर कॉफीच्या थांब्यावर केकशिवाय फारसं काही मिळत नाही, आणि नेदरलँड्समध्ये तर सफरचंदाच्या केकवाचून राइड पूर्णच होत नाही. मी खिशात राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की ठेवते. खजूरही चालतात. राजगिरा चुरा होतो, म्हणून लाडू लहान आणि घट्ट वळायचे. चिक्की थंडीत दगड होते, ती आतल्या खिशात ठेवायची. खेळाडू पाकिटातून चोखतात तो जेल नावाचा गोड प्रकार मला मानवला नाही. आमच्या ग्रुपमधल्या फ्लेमिश बायका आता 'ते दाण्याचं' म्हणून मागून घेतात, म्हणून भारतातून येणाऱ्याला मी लोणावळ्याची दोन पाकिटं जास्तीची सांगते.

घाटवळण

हिशेबनीस, तुमचं म्हणणं पटतं आणि तुमच्या ग्रुपला मनापासून नमस्कार. मुलंबाळं आणि आईवडील घेऊन सायकल चालवणं हे क्लबात होत नाही, हे खरंच. घरातल्या सकाळचा मुद्दाही बरोबर आहे. आमच्याकडे त्यासाठी एक रविवार माझा, एक रविवार हिचा असं ठरवलंय. ती पोहायला जाते.

तरी माझं म्हणणं सोडत नाही. आपल्या ग्रुपमध्ये आपण आहोत तसेच राहतो. त्याची गरज असते, मलाही आहे. पण इथे दहा-पंधरा वर्षं काढायची असतील, तर आजूबाजूचे लोक कसे बोलतात, कशावरून चिडतात, संकटात कसे वागतात हे कुठेतरी जवळून दिसायला हवं. आमच्या राइडमध्ये एकदा एका नवीन मुलाची चेन तुटली, बाहेर पाऊस, स्टेशन लांब. दोघांनी त्याच्या पाठीला हात लावून आळीपाळीने त्याला ढकलत स्टेशनपर्यंत नेलं आणि बाकीचे सगळे त्याच गतीने सोबत राहिले. कुणी त्यावर एक शब्द बोललं नाही. तो मुलगा सीरियातून आलेला होता. आता तोच आमच्या हळू ग्रुपचा प्रमुख आहे.

दोन्ही करा. महिन्याचा एक रविवार तुमच्यासारख्या ग्रुपला, एक क्लबाला.

अजून एक. आपण परदेशी आहोत म्हणून नव्हे, तर घोळका म्हणून आपल्याकडे लोक आधीच वाकड्या नजरेने बघतात. अरुंद सायकलमार्गावर वयस्क जोडपी, मुलं, कुत्री असतात आणि वेगात जाणाऱ्या घोळक्यांवर इथे खूप राग आहे. लांबून घंटी वाजवा, वेग कमी करा, जाताना सुप्रभात म्हणा. ज्या क्लबात हे पाळत नाहीत तो क्लब सोडा.

बोरीबंदर (ओसाका)

जपानमधून थोडक्यात. इथे डावीकडून चालवायचं, त्यामुळे आपल्याला सोपं. सायकल घेतली की पोलिसांकडची नोंदणी करावी लागते, तिचा स्टिकर सायकलवर असतो. मित्राकडून जुनी घेतलीत तर नोंदणी स्वतःच्या नावावर करून घ्या, कारण रस्त्यात थांबवून नंबर तपासतात आणि नाव जुळलं नाही तर बराच वेळ जातो. नोव्हेंबर 2024 पासून चालवताना फोन वापरण्याची शिक्षा कडक झाली आहे, 1 लाख येनपर्यंत दंड किंवा कैदही होऊ शकते.

सगळ्यात सुंदर रीत म्हणजे सायकल आगगाडीतून नेणं. चाकं काढून सायकल पूर्ण पिशवीत झाकायची, मग बहुतेक गाड्यांत ती सामान म्हणून चालते. ग्रुपमध्ये प्रत्येकाला पाच-दहा मिनिटांत हे जमावं अशी अपेक्षा असते. घरी सराव करून जा, म्हणजे फलाटावर सगळ्यांना तुमच्यासाठी थांबावं लागणार नाही. ओनोमिची ते इमाबारी हा बेटांवरच्या पुलांचा मार्ग साधारण 70 किलोमीटर आहे, रस्त्यावर निळी रेघ आखलेली असते, एकदा तरी कराच. ओसाका-क्योटोकडच्यांना बिवा तलावाची प्रदक्षिणा जवळ पडते, ती पूर्ण केली तर 200 किलोमीटरच्या आसपास भरते.

खारीबुंदी (दुबई)

इथे प्रश्न वाऱ्याचा नाही, सूर्याचा. उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो. त्यामुळे ग्रुप पहाटे साडेचार-पाचला निघतात आणि आठच्या आत संपवतात. अल कुद्राचा सायकलमार्ग वाळवंटातून 80 किलोमीटरहून लांब आहे, गाड्या नाहीत, कधीकधी शेजारून हरणं जातात. हेल्मेट सक्तीचं. ज्यांना पहाटे जमत नाही ते रात्री नाद अल शिबाच्या दिव्यांच्या मार्गावर फेऱ्या मारतात. 2022 पासून आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवार झाली, तेव्हापासून मोठी राइड शनिवारी.

स्थानिक विरुद्ध आपले हा प्रश्न इथे पडतच नाही, कारण ग्रुपमध्ये फिलिपिनो, केरळी, इंग्रज, पाकिस्तानी, अमिराती असे सगळेच असतात. घाटाची हौस असेल तर रास अल खैमाचा जबल जैस. वीसेक किलोमीटरचा सलग चढ आहे, खंबाटकीची आठवण येणाऱ्यांना पुरून उरेल.

गोदाकाठ (नाशिक)

परदेशात जायच्या आधीच ग्रुपची सवय लावून घेता येते, हे सांगायला लिहितोय. आमच्या नाशिकला सायकलचं वातावरण चांगलं आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी रेस दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली, तेव्हापासून शहरात लांब अंतराची ओढ वाढली. पुणे, मुंबई, नाशिक सगळीकडे बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड (ब्रेवे) होतात. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, पुढे 300, 400, 600. हे नियम जगभर सारखेच आहेत आणि ब्रेवेची पुस्तिका सगळीकडे ओळखली जाते. माझा भाचा लियाँला गेला तेव्हा तिथल्या रँडोनिअर, म्हणजे अशा राइड करणाऱ्या लोकांनी त्याला लगेच सामावून घेतलं. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, म्हणजे 1200 किलोमीटर 90 तासांत, दर चार वर्षांनी असते. मागची 2023 ला झाली, पुढची 2027 ला.

अबोली (डेल्फ्ट)

मी विद्यार्थिनी आहे, इथे नवीन. वाचूनच जावंसं वाटतंय. माझ्याकडे महिन्याच्या भाड्यावर घेतलेली शहरी सायकल आहे. ती चालेल का? आणि पुण्यातली माझी गिअरची सायकल बाबा विमानाने पाठवायची म्हणताहेत.

घाटवळण

अबोली, शहरी सायकल क्लबाच्या राइडला नको. तिला बहुधा मागे पॅडल मारून लागणारा ब्रेक असेल, वजनही 18-20 किलो. हिशेबनीसांसारख्या ग्रुपला मात्र ती उत्तम.

चार-पाचशे युरोत जुनी पण चांगली रेसिंग सायकल मिळते. कुणी स्टेशनबाहेर पन्नास युरोत देतो म्हणाला तर घेऊ नकोस, चोरीची सायकल घेणं हाही गुन्हा आहे. फ्रेमचा नंबर पोलिसांच्या ऑनलाइन यादीत तपासून मगच पैसे दे. क्लबांत लोक जुन्या सायकली विकत असतात, ते सर्वांत भरवशाचं. टायर 28 मिलीमीटरचे बघ. 23 चे जुन्या सायकलींवर असतात, विटांच्या रस्त्यावर हात बधिर होतात.

पुण्याची सायकल आणलीस तर एक लक्षात ठेव. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, इथे डाव्या हाताला. आणि घोळक्यात एका हाताने खूण करताना दुसऱ्या हातात कुठला ब्रेक आहे यावर बरंच अवलंबून असतं. इथल्या दुकानात तारा बदलून घे, अर्ध्या तासाचं काम आहे.

डेल्फ्टला विद्यापीठाचा सायकल क्लब आहे, तिथे परदेशी विद्यार्थी बरेच असतात. तिथे आधी विचार. आणि वसंतात फ्रीसलंडची अकरा शहरांची फेरी बघायला तरी ये. विट-मंडेला (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सुट्टीचा सोमवार) बोल्सवार्डहून पहाटे पाचपासून गट सुटतात, 15,000 लोक, 235 किलोमीटर, प्रत्येक शहरात कार्डावर शिक्का. वाटेत गावोगावची माणसं खुर्च्या टाकून दिवसभर बसलेली असतात.

अबोली (डेल्फ्ट)

धन्यवाद दादा. बाबांना सायकल पाठवू नका म्हणून कळवलं. क्लबाला पत्र टाकलं आहे, गुरुवारी संध्याकाळी नवख्यांची राइड असते म्हणाले. हेल्मेट त्यांच्याकडे मिळेल, दिवे मात्र स्वतःचे आणायचे आहेत. कपड्याला अडकवायचे छोटे दिवे चालतात का?

घाटवळण

चालतात. पुढे पांढरा, मागे लाल, लुकलुकणारे नकोत, आणि जॅकेटने झाकले जाणार नाहीत असे लाव. विम्याचंही गुरुवारच्या आत बघ.